बर्फ, बोरीवली आणि मेसबाहेरचा फळा

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझी दहावीपर्यंतची सगळी शाळा पाचगणीच्या एका कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आजीकडून आणि बाहेर एस.टी.मध्ये बसून शिकलेलं मराठी! मराठी विभागाच्या संपादिकाबाई (आमच्याच मजल्यावर राहतात) म्हणाल्या, "तू जेवताना तावातावाने जे बोलतेस तेच लिहून दे, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो." तेव्हा पुढे जे चुकेल त्याला त्या जबाबदार.

विषय आहे बर्फ. हसा! बोरीवली स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीतून उतरलेल्या माणसाला बर्फ म्हटलं की उसाच्या रसातला नाहीतर गोळेवाल्याचा आठवतो. पण २०२४-२५ च्या हिवाळ्यात आपल्या लेडीज होस्टेलमध्ये बर्फावरून जेवढं भांडण झालं तेवढं मेसच्या बिलावरूनही झालेलं नाही. त्या भांडणात मी आरोपी होते. निकाल लागला, शिक्षा झाली, फळा पुसला गेला. हा लेख म्हणजे माझं अपील समजा.

ज्यांना प्रकरण माहीत नाही (म्हणजे बॉईज होस्टेल आणि स्टाफ) त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. मेसच्या दाराबाहेर जो काळा फळा आहे, ज्यावर रोजची भाजी लिहितात आणि जो वाचून आपण बाहेर वडापाव खायला जातो, त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी २ डिसेंबर २०२४ पासून रोज रात्री एक ओळ लिहायला लागले: 'उद्या पहाटे थंडी: हो / नाही.' थंडी म्हणजे गच्चीवरचा थर्मामीटर १५ च्या खाली जाणं, एवढी साधी व्याख्या. थर्मामीटर माझा. माझी रूममेट काश्मीरची, बारामुल्ल्याकडची. तिच्या घरून सफरचंदं येतात ती लाकडी पेटी आम्ही पांढरी रंगवली, बाजूने फटी ठेवल्या, आणि थर्मामीटर त्यात सावलीत टांगला. वेधशाळेत असते तशी पेटी, फक्त आमचीला सफरचंदाचा वास! गच्चीची किल्ली वॉचमन काकांकडे. पहाटे सहाला किल्ली मागायला गेलं की काका माकडटोपीतून विचारायचे, "काय गं, किती?"

हा उद्योग सुरू करायला कारण होतं हवामान खात्याचं पत्रक. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी संपूर्ण हिवाळ्याचा अंदाज दिला होता. देशाच्या बहुतेक भागात डिसेंबर ते फेब्रुवारी किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, थंडीच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा कमी असतील, असा. म्हणजे हिवाळा मऊ जाणार. मला वाटलं, बघू तरी.

आणि लगेच काय झालं बघा. ४ डिसेंबरला सांताक्रूझला कमाल तापमान ३७.३! डिसेंबरातला सोळा वर्षांतला सर्वांत गरम दिवस. (डिसेंबरचा विक्रम ५ डिसेंबर १९८७ चा, ३९.८ अंश. आपले आईबाबा कॉलेजात असतील तेव्हा.) होस्टेलचे सगळे पंखे पाचवर. आणि बरोबर पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्याच सांताक्रूझला पहाटे १३.७! डिसेंबरातलं नऊ वर्षांतलं नीचांकी. आमच्या गच्चीवर त्याहून खाली, कारण आपल्या मागे नॅशनल पार्क आहे. झाडं आणि माती रात्री पटकन निवतात, सिमेंट निवत नाही. टीव्हीवर 'मुंबईचं तापमान' म्हणून जो आकडा येतो तो सांताक्रूझचा नाहीतर कुलाब्याचा असतो, त्यात बोरीवलीकरांनी आपलं दोन-एक अंश वजा करून घ्यावं हे मी दोन महिन्यांच्या अनुभवावरून सांगते.

त्या ८ डिसेंबरच्या रात्री फळ्यावर काय होतं? 'थंडी: नाही.' माझा पहिला दणदणीत फज्जा! सकाळी अंघोळीच्या गरम पाण्याच्या रांगेत एकजण स्वेटर नाही म्हणून चादर गुंडाळून उभी होती, तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरणार नाही.

पण चूक कशात होती ते समजल्यावर मला फार मजा वाटली. मी फक्त थर्मामीटर बघत होते. काल गरम, आज गरम, म्हणून उद्या गरम. वारा कुठून येतोय तिकडे लक्षच नव्हतं. ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीजवळ फेंगल चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. त्याचे अवशेष द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्राकडे सरकले आणि आपल्याकडे जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे सुरू झाले. मुंबईत दुपार थंड कोण करतं? समुद्राचं वारं. पूर्वेचे वारे जोरात असले की ते समुद्राच्या वाऱ्याला आत येऊच देत नाहीत, उशीर होतो, तोपर्यंत पारा चढलेला असतो. मग वादळाचा प्रभाव संपला, उत्तरेचे वारे मोकळे झाले, राजस्थान-गुजरातवरून कोरडी थंड हवा आली आणि पारा कोसळला. म्हणजे बोरीवलीतल्या दोन्ही टोकांचा बोरीवलीशी काही संबंध नव्हता. एक पुद्दुचेरीहून आलं, दुसरं उत्तरेकडून.

उत्तरेकडच्या थंडीचं मूळ कुठे असतं ते मला रूममेटमुळे समजलं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, पाकिस्तान करत ढगांच्या झुंडी काश्मीरवर येतात. बातम्यांत त्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात (हा शब्द मी आधी कोणाचं तरी आडनाव समजले होते). तो आला की तिकडे बर्फ पडतो. तो पुढे सरकला की मागून उत्तरेचे वारे सुटतात आणि दोनतीन दिवसांत त्यांचं टोक आपल्यापर्यंत पोचतं. तेव्हापासून आमच्या खोलीत एक पद्धत पडली. ती घरी फोन करायची, पहिला प्रश्न, "शीन प्योव?" म्हणजे बर्फ पडला का? हो असेल तर मी फळ्याकडे पळायचे!

तिचा प्रश्न मात्र माझ्यासारखा हौसेचा नसायचा. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी या चाळीस दिवसांना काश्मीरमध्ये चिल्लई कलान म्हणतात. त्या कडाक्यात पडलेला बर्फ टिकतो आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून नद्यांना, बागांना पाणी देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला तेवढा टिकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, मातकट गवत दिसत होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे होणारे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले. टीव्हीवर पर्यटक हिरमुसलेले दाखवतात. तिच्या घरी सफरचंदाच्या झाडांना जूनमध्ये पाणी कुठून द्यायचं याचा हिशोब जानेवारीत चालू असतो.

आता मुख्य गुन्ह्याकडे येते.

दर हिवाळ्यात एकदा तरी बातमी येते, 'महाबळेश्वरात बर्फ! वेण्णा लेक परिसर गोठला!' सोबत गाडीच्या टपावर पांढरा थर, आणि तो बोटाने खरवडणारा कोणीतरी. मी वाईची. त्यामुळे बातमी आली की सगळ्या माझ्याकडे. "तुमच्याकडे खरंच स्नोफॉल होतो?" नाही होत. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. ते पडलेलं नसतंच, ते जागच्या जागी जमलेलं असतं. दव गोठतं, किंवा हवेतली वाफ थेट गवतावर हिमकण होऊन बसते. आजी त्याला दहिवर म्हणते. मी कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी 'विंटर' वर निबंध लिहिला, त्यात दर वर्षी स्नोमॅन होता, नाताळच्या झाडावर सिस्टरांबरोबर कापसाचा बर्फ लावला. आणि पंधरा किलोमीटर पुढे वेण्णेकाठी खरं दहिवर पडायचं त्याला मराठीत काय म्हणतात ते मला वयाच्या विसाव्या वर्षी समजलं. असो.

दहिवराची गंमत अशी की बातमीत महाबळेश्वरचं तापमान सहा-सात अंश सांगतात आणि फोटोत बर्फ असतो. मग लोक म्हणतात, एक तर आकडा खोटा नाहीतर फोटो. दोन्ही खरे असतात! वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. पण स्वच्छ, निवांत, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते. गवताचं पातं, गाडीचा टप, बोटींची फळकुटं ही हवेपेक्षाही थंड होतात. त्यात थंड हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचा भाग तसाच खोलगट. वरती गावात सहा अंश असताना खाली गवतावर शून्याच्या खाली जाऊ शकतं. म्हणून हवामानशास्त्रात गवतालगतचं किमान तापमान मोजायचा वेगळा थर्मामीटरच असतो.

एवढं सगळं मला माहीत होतं. आणि तरीही जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी फळ्यावर, नेहमीची ओळ सोडून, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'रविवार पहाट, वेण्णा लेक, दहिवर नक्की! कोण येणार?'

अकरा जणी तयार झाल्या. रेक्टर मॅडमकडे नाईट-आऊटचा अर्ज गेला. मॅडमनी मला बोलावून विचारलं, "नक्की ना? अकरा मुलींच्या घरी फोन करायचेत मला." मी म्हणाले, "नक्की मॅडम."

शनिवारी दुपारी निघालो, सुरूर फाट्यावरून रात्री वाईला आमच्या घरी. आईने अकरा जणींना पिठलं-भाकरी घातली. पहाटे साडेतीनला उठून पसरणीचा घाट चढलो. खिडक्या उघडून आकाश बघत होते आणि पाचगणीच्या अलीकडेच माझ्या पोटात गोळा आला. चांदण्या दिसत होत्या, पण पुसट, दुधाळ काचेतून दिसाव्यात तशा. वर ढगांचा पातळ पडदा होता. वेण्णा लेकला पोचलो. थंडी होती, नाही असं नाही. दात वाजत होते. पण गवत ओलं होतं, नुसतं ओलं. बोटींच्या फळ्यांवर पाणी. अकरा जणी मोबाईलचे टॉर्च मारून गवतात बर्फ शोधतायत आणि चहाच्या टपरीवाला आमच्याकडे बघून हसतोय! सकाळी सातला उजाडलं. सगळ्यांनी मक्याचं कणीस खाल्लं आणि परत. माणशी साडेअकराशे रुपये.

परतीच्या गाडीत माझी रूममेट एकच वाक्य बोलली आणि मला त्यात माझी सगळी चूक दिसली. म्हणाली, "हमारी बर्फ को बादल चाहिए, तुम्हारी को साफ़ आसमान." खरंच! काश्मीरचा बर्फ ढगातून पडतो. आपलं दहिवर ढग नसेल तरच जमतं, कारण ढग गोधडीसारखे असतात, जमिनीने फेकलेली उष्णता परत खाली पाठवतात. मासिकं, वर्तमानपत्रं दोन्हीला 'बर्फ' म्हणतात आणि आपण दोन उलट्या गोष्टींची एकाच तोंडाने वाट बघतो. मी शुक्रवारी तापमान बघितलं, वारा बघितला, ढगांचा अंदाज बघितलाच नाही.

सोमवारी मेसला गेले तर फळ्याचा माझा कोपरा पुसलेला, आणि त्यावर कोणाच्या तरी सुंदर अक्षरात: 'हवामान खाते कायमचे बंद. हुकमावरून.' मीसुद्धा हसले. पण दुसऱ्या दिवशी मी ओळ लिहिली, ती पुसली गेली. तिसऱ्या दिवशी खडूच गायब. मग होस्टेल कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की अंदाजबिंदाज काही नको, लोकांचा वेळ आणि पैसा जातो.

माझा आक्षेप इथे आहे. वेण्णा लेकबद्दल मला फाशी द्या. पण त्या एका पहाटेवरून रोजच्या ओळीला शिक्षा का? फळा पुसला तरी मी वही ३१ जानेवारीपर्यंत चालू ठेवली होती. एकसष्ट पहाटा. त्यातल्या आठ पहाटा खरोखर १५ च्या खाली गेल्या. मी 'हो' म्हटलं नऊ वेळा. त्यातले पाच बरोबर, चार वेळा उगीच घाबरवलं. तीन पहाटा माझ्या हातून निसटल्या, त्यात ती ९ डिसेंबरची. बाकी एकोणपन्नास वेळा 'नाही' म्हटलं आणि नाहीच आली. म्हणजे एकसष्टपैकी चोपन्न बरोबर! अठ्ठ्याऐंशी टक्के. मला सेमिस्टरमध्ये एवढे कधी पडले नाहीत.

थांबा, टाळ्या वाजवू नका. ह्याच हिशोबातला खड्डा दाखवायचाय. समजा फळ्यावर मी पहिल्या दिवशी ऑईलपेंटने 'थंडी: नाही' लिहून दोन महिने झोपले असते, तर? एकसष्टपैकी त्रेपन्न बरोबर. माझ्यापेक्षा फक्त एक कमी! दोन महिने पहाटे उठून, वारे बघून, काश्मीरला फोन लावून मी ऑईलपेंटपेक्षा एका दिवसाने हुशार निघाले.

हा विनोद जुना आहे. अमेरिकेत १८८४ साली फिन्ले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने टोर्नेडो वादळांचे अंदाज दिले, एकूण २८०३. बरोबर किती? ९६.६ टक्के. वा! मग कोणीतरी दाखवून दिलं की रोज डोळे मिटून 'टोर्नेडो नाही' म्हटलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. पण त्या ९८.२ टक्केवाल्याने एकाही माणसाला एकदाही सावध केलं नसतं. फिन्लेने शंभर वेळा इशारा दिला त्यातले अठ्ठावीस खरे ठरले आणि एकूण एक्कावन्न वेळा वादळ आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा त्याने आधी सांगितलं होतं, तेही सॅटेलाईट नसताना. दुर्मीळ गोष्टीचा अंदाज देणाऱ्याला टक्केवारीने मोजणं म्हणजे गोलकीपरला त्याने किती गोल केले ते विचारण्यासारखं आहे. मऊ हिवाळ्यात थंडीचा अंदाज अवघड का, तर थंडी अवघड म्हणून नव्हे. ती क्वचित येते म्हणून. 'नाही' म्हणणारा कधीच फारसा चुकत नाही आणि कधीच उपयोगी पडत नाही.

हवामान खात्याचंही आपण हेच करतो. "वेधशाळेने पाऊस सांगितला का? मग छत्री घरी ठेव!" हा विनोद माझ्या आजोबांच्या वयाचा आहे. खातं १८७५ चं, जानेवारी २०२५ मध्ये दीडशे वर्षांचं झालं. (पुण्यात शिवाजीनगरला त्यांच्या ऑफिसला अजून लोक शिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये ते शिमल्याहून पुण्याला आलं. आपल्या राज्याचा बर्फाशी तेवढाच काय तो सरकारी संबंध!) त्यांच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी पाऊस' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ ठरलेला आहे, त्या विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठिकाणी. थंडीची लाट शब्दालाही व्याख्या आहे. मुंबईसारख्या किनाऱ्याच्या ठिकाणी किमान तापमान १५ किंवा त्याहून कमी हवं आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश खाली हवं. १३.७ ला चॅनेलवाले 'मुंबईत थंडीची लाट' ओरडले असतील, पण लाट म्हणायच्या आधी ह्या दोन्ही अटी तपासाव्या लागतात. मुंबईचा खरा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा आहे, ७.४ अंश. ते मोजून शब्द वापरतात, आपण न मोजता ऐकतो.

आणि तो सुरुवातीचा मऊ हिवाळ्याचा अंदाज? ९ डिसेंबरला चादर गुंडाळलेल्या मुलीने मला विचारलं होतं, "हाच का तुझा उबदार हिवाळा?" त्या दिवशी अंदाज हास्यास्पद वाटत होता. मग फेब्रुवारी २०२५ आला, १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी. शेवटच्या आठवड्यात मुंबईला चक्क उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, पारा ३८ च्या वर. सबमिशनच्या फायलींवर घाम पडत होता. तीन महिन्यांचा अंदाज तीन महिन्यांनी तपासायचा असतो, पण तोपर्यंत आठवण कोणाला?

आता तुम्ही म्हणाल, एवढा अट्टाहास कशासाठी, १५ अंशांनी होस्टेलमध्ये कोण मरतं? मीसुद्धा असंच समजत होते. फळा बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी मेसच्या मावशी मला खोलीवर शोधत आल्या. "आज काय लिहिलं नाहीस? पीठ कुठं ठेवू?" मला काही कळेना. मग समजलं. शनिवारी रात्री रविवारच्या इडलीचं पीठ भिजवून ठेवतात. थंडी पडली की ते आंबत नाही, इडल्या दगड होतात. म्हणून फळ्यावर 'हो' असलं की मावशी पातेलं शेगडीच्या कडेला नेऊन गोणपाटात गुंडाळायच्या. दोन महिने माझा एक तरी नियमित वाचक होता आणि मला पत्ताच नव्हता! "चुकलं तर?" मी विचारलं. "चुकलं तर काय, गोणपाट सोडायचं." मावशींना चार वेळा उगीच घाबरवल्याचं काहीच वाटलं नव्हतं. गोणपाटाला खर्च शून्य, इडली बिघडली तर दीडशे पोरींची बोंब. त्यांना दहापैकी दोनची शक्यतासुद्धा पुरते. वेण्णा लेकच्या सहलीला दहापैकी आठ तरी हवी. अंदाज तोच, पण कोण काय पणाला लावतंय त्यावर 'जायचं की नाही' ठरतं. हे मला कुठल्याही सरांनी शिकवलं नाही, मावशींनी शिकवलं.

वॉचमन काका रात्रभर गेटवर बसतात, त्यांना शेकोटीची लाकडं संध्याकाळीच जमवावी लागतात. आमच्या वाईच्या वर, भिलार-महाबळेश्वरकडे, ज्या दहिवरासाठी आम्ही अकरा जणी टॉर्च घेऊन गेलो ते स्ट्रॉबेरीवाल्याला नको असतं. पानं करपतात, फुलं जातात. आमची सहल फसली ती रात्र त्यांच्यासाठी चांगली गेली. निफाडला, जिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात बातमीत येतो, तिथले द्राक्षवाले पारा पडणार म्हटलं की बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. ह्यांच्यातला कोणीही "नक्की का?" म्हणून अडून बसत नाही. ते ऐकतात, हिशोब करतात, कामाला लागतात.

"नक्की का?" आपण विचारतो. मॅडमनी विचारलं, मैत्रिणींनी विचारलं. आणि इथे मला माझा खरा गुन्हा सांगायचाय, जो कमिटीने माझ्यावर ठेवलाच नाही. चुकीचा अंदाज हा माझा गुन्हा नव्हे. त्या शुक्रवारी माझ्या वहीत मी स्वतःशी लिहिलं होतं: 'दहापैकी चार.' चार! आणि फळ्यावर 'नक्की'. का? कारण दहापैकी चारसाठी मॅडमनी सही केली नसती, अकरा जणींनी पैसे काढले नसते, आणि मला माझं गाव दाखवायचं होतं. मी खोटं बोलले ते हवेबद्दल नाही, माझ्या खात्रीबद्दल. ढगांचा पडदा निसर्गाने घातला, 'नक्की' हा शब्द मी घातला. आईने पिठलं-भाकरी प्रेमाने घातली, मॅडमनी अकरा घरी फोन माझ्या शब्दावर केले, ह्याची लाज मला गवत ओलं निघाल्याच्या लाजेपेक्षा जास्त आहे.

म्हणून कमिटीला माझी विनंती अशी. कोपरा परत द्या. मी 'हो / नाही' लिहिणार नाही, आकडा लिहीन: 'उद्या पहाटे १५ च्या खाली: दहापैकी तीन.' शेजारी कालचा आकडा आणि काल काय झालं तेही लिहीन, चुकलेलं न पुसता. महिन्याच्या शेवटी कोणीही वही तपासावी: ज्या ज्या दिवशी मी 'दहापैकी तीन' म्हटलं त्यातल्या साधारण तीस टक्के दिवशी थंडी आली का? आली नाही तर मी लबाड. मॅथ्सवाल्या सरांनी तपासायचं कबूलही केलंय (सर, छापून आलंय आता, मागे हटू नका). पावसाळ्यातही चालू ठेवता येईल, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दृष्टीने तर फारच. बॉईज होस्टेलला हवा असेल तर त्यांनी आपला थर्मामीटर आणावा, सफरचंदाची पेटी आम्ही देऊ.

हा लेख देण्याआधी मी रेक्टर मॅडमना वाचून दाखवला. 'दहापैकी चार' वाल्या भागाला त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग ड्रॉवरमधून खडूचा डबा काढला, त्यातला अर्धा खडू मला दिला आणि म्हणाल्या, "कमिटीशी मी बोलते. अर्ध्याच्या वर मिळणार नाही."

रूममेटचा फोन आत्ता चालू आहे. ती खिडकीशी उभी राहून विचारतेय, "शीन प्योव?"